इमामचाचांनी ओळखलेली भिंत

इमामचाचा घरात आले की आधी बोट वाकवून भिंतीवर टकटक करायचे, कान लावायचे आणि मगच म्हणायचे, "बाई, पानी द्या." भिंगारच्या आमच्या गल्लीतली निम्मी घरं या गवंड्याच्या हाताखालून गेली होती. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दीड हात जाडीची पांढऱ्या मातीची भिंत, चुन्याचा गिलावा आणि वर मातीचं धाबं. गिलाव्याचा चुना ते दिवसच्या दिवस भिजत ठेवत. कुणी घाई केली की म्हणत, "दुसरा मिस्त्री बघा. चुना कुनाच्या सवडीनं मुरत न्हाई."

माणूस फटकळ. एका तरुण इंजिनिअरला त्यांनी भर गल्लीत विचारलं होतं, "तुमी अंगाला पलास्टिक गुंडाळून झोपता का? मंग ह्या भितीला सिमिट का फासताय? मातीची भीत पानी पिती अन् घाम गाळती. घाम कोंडला की मेली." मी शाळेत शिकवणारी बाई, मलाही त्यांनी हे कितीदा तरी ऐकवलं होतं.

तरी मी तेच केलं. मुलीचं लग्न ठरलं आणि पोपडे आलेल्या दर्शनी भिंतीची मला लाज वाटायला लागली. चाचा नेवाशाला कामावर होते. मी दुसरा मिस्त्री बोलावून भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर गुलाबी रंग दिला. चार दिवसांत काम आटोपलं.

चाचा परत आले, टकटक केली, पण पाणी मागितलं नाही. "पावसाच्या आत खरडून काढा. मी फुकट करतो," म्हणाले. मी म्हटलं, लग्न होऊ द्या. लग्नानंतर ते पुन्हा आले, तेव्हा मी दिवाळीचं नाव काढलं. श्रावणात तिसऱ्यांदा आले. मी चिडूनच बोलले, "चाचा, घर माझं आहे." ते उठून गेले.

भाद्रपदात झड लागली. धाब्यातून झिरपलेलं पाणी भिंतीत उतरत होतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी चाचा खांद्यावर लाकडी टेकू घेऊन आपणहून आले. टकटक केली आणि ओरडले, "बाई, भाईर व्हा! आदी भाईर!" मी रस्त्यावर आले. ते तुळईला टेकू देत होते, तेवढ्यात भिंत आत कोसळली. त्या गुलाबी गिलाव्याखालीच ते सापडले.

पंचनाम्यात कारण लिहिलं गेलं, अतिवृष्टी. मी सही केली. गल्लीत लोक बोलू लागले, "म्हाताऱ्याला भीत वळखता आली न्हाई." चाचांचा मुलगा सलीम, तोही गवंडीच. त्याने मला विचारलं, "बाई, अब्बा आदी काई बोलले हुते का?"

मी 'नाही' म्हणाले. मला भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. त्यानंतर जुन्या घरांची कामं सलीमकडे येईनाशी झाली.

परवा समोरच्या मातीच्या घरापुढे सिमेंटची पोती उतरली. मला राहवलं नाही. सलीमला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "भिंत चाचांनी ओळखली होती. तीनदा येऊन सांगून गेले. ऐकलं नाही ते मी."

 सलीम समोरच्या घराशी गेला, बोट वाकवून भिंतीवर टकटक केली, कान लावला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. तो माझ्या दारावरून सरळ निघून गेला.