आकड्यावरची टिकली

कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा दिसतो. कधी साठ, कधी अठ्ठावन्न, कधी एकदम एकोणतीस. गेलं वर्षभर आमच्या घरात त्या आकड्याचं राज्य होतं.

घर म्हणजे दोन खोल्या, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कारखान्यांपासून चालत वीस मिनिटांवर. बाहेरच्या खोलीत यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, खाट. खाटेला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. दारातून आत यायचं तर अंग तिरकं करावं लागतं. दोन वर्षांपूर्वी यांचं उजवं अंग गेलं. सकाळी चहाची बशी हातातून पडली, ती उचलायला वाकले ते तिथंच आडवे झाले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून यांच्याबरोबर मीही घरातच. दळण, भाजी आणि औषधं, एवढ्यासाठीच बाहेर पडायचं. पाव तास झाला की हे स्टीलचा ग्लास खाटेच्या लोखंडावर वाजवायला लागतात. मग शेजारीण दारातून ओरडते, "मावशी, घंटा झाली!" गल्लीतली पोरं हसतात. पौर्णिमेला विहारात जायची, तेही सुटलं.

यांची सगळी नोकरी विमानतळावर चौकीदारीत गेली. तेव्हा आमच्याकडं विमान कधीमधीच यायचं. येणार असलं की धावपट्टीवरची कुत्री आणि शेळ्या हाकलायच्या. विमान कसं टेकतं, आधी मागची चाकं, मग नाक, टायरचा धूर, सगळं यांनी जमिनीवरून पाहिलेलं. आत कधी बसले नाहीत. मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आणून इथं लावला, सोबत विमान उडवायचा खेळ आणि हातात धरायचा दांडा. "बाबांच्या डाव्या हाताला व्यायाम होईल," म्हणाला. त्या खेळात आपलं सोलापूरही आहे. घरं, रस्ते, तलाव आणि यांची धावपट्टी. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा यांना रडू आलं. मला आलं नाही. टेबलाखालून झाडू कसा मारायचा ते मी बघत होते.

खेळ सुरू केला की विमान आधीपासूनच हवेत असतं, गावाबाहेर, शेतांवर. तिथं सगळं ठीक चालायचं. गावावर आलं की घरांची गर्दी वाढते आणि चित्र क्षणभर अडकून पुढं उडी मारायचं. अडकलं की यांना वाटायचं, दांडा लागला नाही. मग अजून ओढायचे. तेवढ्यात चित्र सुटायचं आणि विमानाचं नाक आभाळात. घाईनं खाली दाबलं की धाड. पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून, दिवसातून वीस वेळा.

माझी थोरली बहीण माळशिरसकडं एका खेड्यात असते. तिची नजर जात चालली आहे, आणि आता काही करता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. ती रोज फोन करायची.

"तोंड दिसतंय तवर ये की गं. नुसता आवाज ऐकायचा आसंल तर फोन हाय की."

मुलगा म्हणाला, मी चार दिवस रजा काढून येतो, तू जाऊन ये. मी यांना विचारलं. हे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "हे इमान एकदा धावपट्टीवर उतरू दे. मग जा."

"आणि न्हाई उतरलं तर?"

"उतरंल की. न उतरायला काय झालं?"

दोन महिने उतरलं नाही. मुलानं दोनदा रजा काढली आणि दोनदा रद्द केली. तिसरी रजा शनिवारपासूनची होती आणि यानंतर मिळणार नाही असं त्याला साहेबानं सांगितलं होतं. माझी पिशवी दोन महिने खाटेखाली भरून पडली होती. त्यातल्या दोन साड्यांना डांबरगोळीचा वास लागला.

बापलेकांचं फोनवर रोज एकच बोलणं.

"अडकतंय रे."

"आकडा किती दिसतोय बाबा?"

"पंचावन्न."

"मग भरपूर आहे की."

मुलानं सांगितलं होतं, आकडा म्हणजे एका सेकंदात किती चित्रं येतात ते. जेवढी जास्त तेवढं चांगलं. म्हणून त्यानं खेळातली झाडं कमी केली, सावल्या काढल्या, ढग काढले. आकडा सत्तरवर गेला. विमान तरीही आपटलं, आता बोडक्या गावावर.

मी चौथी शिकलेय. पण पंचवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात होते, शेवटी तयार माल तपासायला. माग अडखळत चालला की कापडात सूत कुठं दाट बसतं, कुठं विरळ, आणि आडवी रेघ पडते. एक विणकर माग पळवायचा. त्याचं सूत सारखं तुटायचं, माग थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि प्रत्येक ठिकाणी रेघ. दिवसाचे टॉवेल त्याचेच जास्त निघायचे आणि मी बाजूला काढायचे तेही त्याचेच. तो मला म्हणायचा, "रेघ तुझ्या डोळ्यात हाय." दुसरा एक तेलुगू म्हातारा होता. त्याचा माग हळू चालायचा, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच ठेका. त्याचा माल मी बघायचीसुद्धा नाही, नुसता हात फिरवून पुढं ढकलायची.

मंगळवारी दुपारी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून मी यांच्या मागं उभी राहिले आणि आकडा सोडून जमीन बघितली. खालची जमीन सरकत होती ती रेघारेघांनी. दाट, विरळ, दाट. आकडा तेव्हा बासष्ट होता.

आतल्या खोलीत जाऊन मुलाला फोन लावला.

"ती साठ चित्रं येतात ती सारख्या अंतरानं येतात का रे?"

तो म्हणाला, "नाही गं. गावावर आल्यावर काही पटापट येतात, काही रखडतात. सेकंदभराची मोजली की साठ भरतात."

"मग कमी येऊ देत, पण सारखी आण. किती सारखी येतील?"

"तीस. तीसवर बांधून ठेवता येतात." पुढं म्हणाला, "मी उगाच आकड्याच्या मागं लागलो होतो."

"तुमी दोघंबी," मी म्हटलं.

यांना सांगितलं तर हे भडकले. डाव्या हातानं दांडा टेबलावर आपटला.

"अर्धं? चा अर्धा कप. मीठ अर्धं. अंग अर्धं. आता चित्रंबी अर्धी दे मला!"

"अहो, पण अडकायचं न्हाई."

"अडकू दे. साठच पायजेत."

यांना काय लागलं ते मला कळलं. पण शनिवार चार दिवसांवर आला होता.

बुधवारी दुपारी हे झोपले असताना मुलानं पुण्यात बसून आमच्या पडद्यावरचा बाण हलवला आणि खेळ तीसवर बांधून ठेवला. कोपऱ्यात तीस दिसायला लागले आणि हलेनात. आता हे उठले की पहिलं तिकडंच बघणार. मी कपाळावरची टिकली काढली आणि आकड्यावर चिकटवली. लाल, मोठी, मखमलीची. आकडा बरोबर झाकला.

"हे काय लावलंस?"

"तुमी आकडा बघताय, जमीन बघत न्हाई. म्हणून झाकला."

"काढ आधी."

"उतरवा, मग काढते."

मला चार शिव्या दिल्या आणि दांडा धरला. पहिल्या वेळी विमान पट्टीच्या बाजूला गवतात गेलं. दुसऱ्या वेळी फार पुढं. पण अडकलं कुठंच नाही. ओढलं की तेवढंच उचलत होतं, सोडलं की तेवढंच खाली. तिसऱ्या वेळी मागची चाकं टेकली, मग नाक. विमान पट्टीवर पळत पळत थांबलं. हे दांडा सोडून मागं टेकले. मग म्हणाले, "पोराला फोन लाव."

लावून दिला.

"उतरवलं! साठवर उतरवलं रे!"

मी तेव्हा गप्प राहिले असते तर काम झालं होतं. पण ज्या माणसाला मी रोज धुते त्याच्याशी मला खोटं बोलता येत नाही.

"साठ न्हवते," मी म्हटलं. "तीस होते." आणि टिकली काढली.

ग्लास माझ्या खांद्यावरून भिंतीवर गेला.

"धरायचं न्हाई हे! फसवून उतरवलंय. तू कुटं जात न्हाईस."

"उतरवलं कुणी? माझा हात होता का दांड्यावर?"

"न्हाई म्हनलं ना."

गुरुवार आणि शुक्रवार हे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मशीन बंद. आंघोळ घातली तर अंग टाकून दिलेलं, आणि अंग टाकलेला माणूस दुप्पट जड लागतो. बहिणीचा फोन आला, तो मी उचलला नाही. काय सांगायचं? मुलानं विचारलं, "आई, येऊ की नको?" मी म्हटलं, "ये." पण पिशवी खाटेखालून ओढायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी दिवेलागणीला मी यांच्या पाठीला तेल लावत होते. मनात होतं ते बोलून टाकलं.

"तुमाला इमानाचं काय पडलेलं न्हाई. पोराच्या हातनं धुऊन घ्यायची लाज वाटती. एवढंच हाय."

हे भिंतीकडंच बघून म्हणाले,

"लहान व्हता तवा त्याला खांद्यावर घिऊन पट्टीवरनं फिरवलाय मी."

"मग आता त्यानं तुमाला मोरीपर्यंत न्यावं."

"त्यानं बघायचं व्हय मला असं?"

"तुमी डोळं मिटून घ्या. माझ्या बहिणीला थोड्या दिसानं डोळं उघडूनबी दिसायचं न्हाई."

मी तेलाच्या बाटलीला बूच लावलं आणि भाकरी करायला गेले.

शनिवारी सकाळी ग्लास वाजला.

"लाव ते."

मी मशीन लावलं. कोपऱ्यात तीस. हे त्या आकड्याकडं बघत राहिले. आता परत काहीतरी फेकून मारतील म्हणून मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"टिकली लाव," म्हणाले.

आरशावरची काढली आणि लावली. विमान गावावर आलं, तलावावरून वळलं आणि उतरलं. टेकताना एकदा उसळलं, पण उतरलं. जाऊ का, असं मी विचारलं नाही.

दहाच्या सुमाराला मुलगा आला. दारातून तिरका होऊन आत शिरला, बूट काढले आणि बापासमोर नुसताच उभा राहिला. हे डोळे मिटून म्हणाले, "पाणी लई गरम घेऊ नको. उजव्या अंगाला कळत न्हाई. भाजंल."

मी खाटेखालची पिशवी ओढली.

बहिणीनं मला दारात उजेडाकडं तोंड करून उभं केलं, हनुवटीला धरून कितीतरी वेळ बघितलं. "लई म्हातारी झालीस की," म्हणाली.

"दिसतंय म्हणजे तुला," मी म्हटलं. मग आम्ही दोघी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "आई, उद्या निघतेस ना?" मी म्हटलं, "न्हाई." त्यानं साहेबाच्या पाया पडून अजून दोन दिवस घेतले. चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि सहा दिवस राहिले.

परत आले तेव्हा टिकली पडद्यावर होती. एक कड सुटली होती आणि कुणीतरी ती चिकटपट्टीनं दाबून बसवली होती.

"उशीर केलास," हे म्हणाले.

"केला."

मुलगा बूट घालून तयारच होता. तो गेला. मी पिशवी खाटेखाली सरकवली, पदर खोचला आणि यांचा उजवा पाय उचलून ओली चादर काढायला घेतली. ग्लास यांच्या डाव्या हाताशी, पोचेल असा, ठेवलेला होता.