अँटेना आणि वरच्या मजल्यावरचे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या इंदुरात शोधून सापडणार नाही. दूध ते दूधवाल्याला थांबवून त्याच्यासमोर उकळत, पोह्यांवरची शेव वास घेतल्याशिवाय खात नसत, आणि मी नमस्कार केला की विचारत, "काय काम काढलंस?" निवृत्तीनंतर परवाना काढून त्यांनी दूरच्या अनोळखी लोकांशी बोलायचा हौशी रेडिओ सुरू केला, तेव्हा छत्रीबागेतल्या आम्हा शेजाऱ्यांना हायसं वाटलं. संशय घ्यायला आता त्यांना दूरदूरची माणसं मिळणार होती.

एकाच दिशेला आवाज फेकणारा अँटेना हवा म्हणून ते मला सियागंजच्या बाजारात घेऊन गेले. दुकानदाराने बारा दांड्यांचं लांबलचक धूड काढलं. "भिया, इससे भोपाल तक बात करो." काका माझ्या कानात पुटपुटले, "जरा आंधी आली की हाच भोपाळला पोचेल." शेवटी ॲल्युमिनियमच्या नळ्या आणून त्यांनी चार दांड्यांचा, हाताने फिरवता येईल असा अँटेना घरीच केला. तो गच्चीवर फिरवायचं काम अर्थात माझं.

आवाज साफ येतो म्हणून अँटेनाची तारीफ करणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी खोटारडा. अपवाद एकच, इंदूरजवळच्या हातोद गावचे एक म्हातारे मास्तर. पहिल्याच सकाळी ते रेडिओवर म्हणाले, "भिया, कुछ पल्ले नहीं पड़ रहा." काका खूश झाले. प्रत्यक्ष कधी न भेटता दोघांची दोस्ती जमली.

गेल्या हिवाळ्यात मात्र मास्तर रोजच "एकदम साफ" म्हणू लागले. काकांनी मुद्दाम अँटेनाची पाठ हातोदकडे करायला लावली. तरीही उत्तर तेच. "हाही फितूर झाला," म्हणत काका मला घेऊन जाब विचारायला हातोदला निघाले.

दार सुनेने उघडलं. आपण कोण ते न सांगताच काकांनी मास्तरांची चौकशी केली.

"बाबूजी को अब सुनाई नहीं देता जी," ती हळूच म्हणाली. "सेट की सुई हिलती है तो समझते हैं कोई बोल रहा है. रेडियोवाले दोस्तों को मत बताना, हमें कसम दी है."

आत मास्तर सेटसमोर पाठमोरे बसले होते. काका म्हणाले, "नहीं नहीं, हम तो बस पानी पीने रुके थे." पाणी पिऊन आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः गच्चीवर चढले आणि अँटेना नीट हातोदकडे वळवून आले. आता रोज सकाळी मास्तर शेतातल्या गव्हाबद्दल, गुडघ्यांबद्दल भरभरून बोलतात. काका मुकाट ऐकतात, मधूनच बटण दाबून दोन शब्द बोलतात, तिकडची सुई हलावी म्हणून. अँटेना कसा चालतोय, हे मात्र ते आता कुणालाच विचारत नाहीत.