नळीवरचं नाणं

"दुसरी गोळी हाताशी असली की माणूस पहिली कशीही झाडतो," असं व्हर्लिन टटल एकदा म्हणाला होता. शिकारीच्या गेल्या हंगामात त्यानं घाईत तीन गोळ्या झाडल्या. एल्क जातीच्या मोठ्या हरणाची मादी जखमी होऊन रानात नाहीशी झाली. तीन दिवस तो रक्ताचा माग काढत हिंडला, पण ती सापडली नाही. म्हणून यंदा तो अमेरिकेतल्या मोंटानात डेल्मरच्या बंदुकांच्या दुकानात एकच गोळी घेणारी रायफल निवडायला आला.

"सत्तरीत नवी नवरी!" डेल्मर हसला.

"तुझ्यापेक्षा कमी बडबडेल."

दुकानाच्या रिवाजाप्रमाणे डेल्मरनं रिकाम्या रायफलीच्या नळीवर नाणं ठेवलं. चाप ओढताना ते पडलं नाही, तरच हात भरवशाचा. व्हर्लिननं चाप ओढला आणि नाणं पडलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही पडलं.

"ही फळी हलते रे मेली," डेल्मर जमिनीकडे बघत म्हणाला. "हे धरायचं नाही."

तीस वर्षांत त्यानं हे कुणालाच म्हटलं नव्हतं, आणि ते व्हर्लिनला ठाऊक होतं. त्यानं वाकून नाणं उचललं, डेल्मरच्या तळहातावर ठेवलं. रायफल पुसून जागच्या जागी लावली आणि तो बाहेर पडला.