शनिवारचा कन्नडचा क्लास

नागपूर स्टेशनवर आईने माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि माझे डोळे भरून आले. "काय रडून राहिली? आपल्या घरात कोणी रडत नाही," बाबा म्हणाले. मी दह्याबरोबर रडूही गिळलं. बंगळूरची नोकरी, मोठी कंपनी, गल्लीभर पेढे वाटून झालेले. रडायला कारण तरी काय होतं?

घरी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बॅगा भरून निघालेल्यांनो, ते गिळलेलं पुढे कुठे गेलं ते सांगते. बंगळूरला, महादेवपुऱ्यातल्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये ते वर आलं. छाती आवळली, हात गार पडले, आपण आता मरणार अशी खात्रीच झाली. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा पॅनिक अटॅक, थेरपिस्टना भेटा. पुन्हा तसंच झालं तेव्हा भेटले.

जयनगरच्या मराठी बाई मुद्दाम शोधल्या. ऑफिसात मी हिंदी बोलते, मीटिंगमध्ये इंग्रजी, रिक्षावाल्याशी कन्नडमधलं 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यावर भागवते. भीती मात्र मला मराठीतच वाटते. बाईंचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. "सरी, स्वल्प बस, घाई नको," असं त्या म्हणाल्या आणि मी टिश्यूचा अख्खा डबा संपवला. रडू नको असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

आईला सांगितलं. तिने व्हिडिओ कॉल लावला, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला आणि स्क्रीनवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून गॅसवर टाकल्या. "बघ, किती तडतडल्या!" तिला खरंच बरं वाटलं, मलाही हसू आलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण कोणाला सांगू नको हं. लग्न व्हायचंय अजून." तेव्हापासून नातेवाइकांसाठी मी शनिवारी कन्नडच्या क्लासला जायला लागले. आत्या फोनवर कौतुकाने म्हणायची, "बोल ना काहीतरी कन्नड!" मी 'स्वल्प' आणि 'सरी' ऐकवायचे. ती धन्य व्हायची.

मग स्थळ आलं. मुलगा इथेच नोकरीला, माणसं नागपूरची. कांदेपोह्यांऐवजी व्हिडिओ कॉल; मी इकडे, आईबाबा तिकडे. मुलाच्या आईने सहज विचारलं, "शनिवारी सुट्टी असते ना? मग कुठे जातेस गं?" माझ्या आधी माझी आईच बोलली, "कन्नडच्या क्लासला!" त्या हसल्या. "अगं बाई, मग लग्नानंतरही शिक हो." तेव्हा मला कळलं, हा क्लास जन्मभर करावा लागणार. श्वास अडकला तरी नवऱ्यासमोर नवे शब्द शिकून आल्यासारखं हसायचं.

"काकू, क्लास नाहीये. मला पॅनिक अटॅक यायचे, म्हणून थेरपिस्टकडे जाते. आता खूप कमी झालेत."

आईने कॅमेरा बंद केला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळली होती! गेले उडत. गुडघा दुखला तर अख्ख्या खानदानाला एक्स-रे दाखवणारे आपण, आणि मनाचं दुखणं मात्र मुकाट सोसायचं? मी नाही सोसणार.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. एरवी ते फोन करत नाहीत. मुलगा मला आवडला होता, त्यामुळे वाईट वाटतच होतं. "रडून राहिली का?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. रडून राहिली."

वाटलं, आता फोन ठेवतील. नाही ठेवला. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, मी रडत राहिले, ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "शनिवारी जा बरं. बुडवू नको."

घर म्हणजे काय, हे मला त्या फोनवर कळलं. तिथे रडता येतं, आणि पलीकडचा माणूस फोन ठेवत नाही.

परवा आत्याने पुन्हा कन्नड बोलून दाखवायला सांगितलं. म्हटलं, "आत्या, क्लास कधी नव्हताच. शनिवारी मी थेरपीला असते. खुशाल गावभर सांग."