सहा दिवस वजा

लंडनजवळ स्लाऊमध्ये आमच्या ओळखीतल्या कोणालाही देशाबाहेर जायचं असलं की फोन मला येतो. ‘ताई, माझे दिवस बसतात का?’ इथे कायमचं राहायचा परवाना, म्हणजे आयएलआर, हवा असेल तर पाच वर्षं कामाच्या व्हिसावर काढावी लागतात, आणि त्या काळात सलग कुठल्याही बारा महिन्यांत एकशे ऐंशीपेक्षा जास्त दिवस बाहेर राहून चालत नाही. जायचा दिवस आणि यायचा दिवस धरत नाहीत. नियम एवढाच आहे, पण मोठमोठ्या बँकांची सॉफ्टवेअरं लिहिणारी माणसं इथे येऊन बोटं मोजत बसतात. माझा ब्रिटिश पासपोर्टही आता जुना लाल नाही, नवा निळा आहे, आणि माझी एक्सेल शीट चोख असते. मला या फोनांचा कंटाळा येतो असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे.

जिच्याबद्दल सांगायचंय ती नागपूरची. माझ्याच ऑफिसात, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायची, पोळ्या लाटायला मदत करायची आणि माझ्या नवऱ्याला भाऊजी भाऊजी करून हसवायची. निघताना दारात बूट घालत मोठ्याने ‘येते गं ताई’ म्हणायची. एकदा आमच्या शेजारणीची इथेच वाढलेली मुलगी निघताना ‘मी जातो’ म्हणाली, तर आम्ही दोघींनी तिला एकदम टोकलं. मी लिंग सुधारलं आणि हिने क्रियापद. जाते म्हणू नये, येते म्हणावं, नाहीतर माणूस परत येत नाही, असं ती त्या पोरीला अगदी गंभीरपणे सांगत होती.

ऑक्टोबरमध्ये तिची पाच वर्षं भरणार होती. त्यापुढे कंपनी तिचा व्हिसा वाढवणार नव्हती. तसं तिला लेखी कळवलं होतं. आयएलआर मिळालं तर राहायचं, नाही तर बॅगा भरायच्या.

आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये तिचे वडील आजारी पडले. ती तीनदा नागपूरला गेली. पहिल्यांदा ऑपरेशनला, दुसऱ्यांदा ते घरी आले तेव्हा, तिसऱ्यांदा शेवटाला. तिथून लॅपटॉपवर काम करायची. प्रत्येक फेरीनंतर तिची शीट मी भरायचे. जायचे-यायचे सहा दिवस वजा करून त्या बारा महिन्यांतले एकशे एकाहत्तर झाले. नऊ उरले.

मेक्सिकोची सुट्टी मी शेवटच्या फेरीच्या आधीच बुक करून ठेवली होती. दोन आठवडे, समुद्राकाठचं हॉटेल, दोघींत एक खोली. माझ्या नवऱ्याला ऊन सोसत नाही आणि मला एकटीला जायचं नव्हतं. मे महिन्यात आम्ही गॅटविक विमानतळावर बसलो होतो तेव्हा माझ्या डोक्यात आपोआप बेरीज झाली. एकशे एकाहत्तर आणि, जायचा-यायचा दिवस सोडून, हे चौदा, एकशे पंच्याऐंशी. ती समोर बसून सँडविच खात होती. सांगू, मी मनात म्हटलं, तिथे पोचल्यावर सांगू. पहिल्या आठवड्यात समुद्र होता, पुस्तकं होती, आणि ती महिन्यांनंतर नीट झोपत होती. सांगणं राहून गेलं. खरं तर राहून काही गेलं नाही, मी ठेवलं.

नवव्या दिवशी आम्ही एका दिवसाची सहल घेतली. माया लोकांचे पडके अवशेष बघायचे, मग सेनोटेमध्ये पोहायचं. सेनोटे म्हणजे जमीन खचून तयार झालेली पाण्याची विवरं, आपल्या विहिरींसारखी खोल, पण नैसर्गिक. बसमध्ये सगळे आमच्याच विमानाने आलेले ब्रिटिश होते. भाजून लाल झालेले, सकाळी आठला बिअर उघडणारे आणि इथे सावली का नाही म्हणून गाइडवर रागावणारे. मी मनातल्या मनात हिशेब करत होते. उद्या संध्याकाळच्या विमानाने ती निघाली तर बरोबर एकशे ऐंशी. परवा निघाली तर गेलं.

गाइड स्वतः माया होता. पन्नाशीचा, बुटका, छातीवर नावाची पट्टी आणि हातात छत्री. ‘माया लोक नाहीसे झाले असं तुम्ही शाळेत शिकलात,’ तो इंग्रजीत म्हणाला, ‘मी आज सकाळी नाश्ता केला.’ बस हसली. पिरॅमिडसमोर त्याने आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. पायऱ्यांवरून टाळीचा आवाज पाखराच्या चिवचिवाटासारखा परत येतो. वर चढायला बंदी आहे, त्यामुळे सगळे खालीच उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि एकमेकांचे व्हिडिओ काढत होते. चार बाजूंना प्रत्येकी एक्क्याण्णव पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून तीनशे पासष्ट, त्याने सांगितलं. आमचे पूर्वज दिवस मोजत. वीस दिवसांचा महिना, असे अठरा महिने. उरतात पाच. त्या पाच दिवसांना वाईट समजत. लोक घराबाहेर पडत नसत, नवं काम सुरू करत नसत, केस विंचरत नसत.

‘आपला अधिक महिना बरा बाप्पा,’ ती माझ्या कानात म्हणाली. ‘निदान जावयाला अनारसे तं मिळतात.’

मला हसू आलं नाही. पाच हा आकडा त्या माणसाने नेमका माझ्यासमोर येऊन का उच्चारावा, असा मला त्याचा राग आला. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. जवळच्या शहरात विमान कंपनीचं ऑफिस होतं, फोनवर तिकीट बदलता आलं असतं, आणि तिने तक्रार न करता बॅग भरली असती. मी म्हणणारच होते. ‘अगं ऐक’ एवढं म्हणालेसुद्धा. पण तिला टाळी वाजवायची होती.

आता मला माझ्या वडिलांचं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा स्वतःचा अर्ज क्रॉयडनला, व्हिसाच्या कचेरीत, गेला होता तेव्हाची गोष्ट. त्या काळी अर्जासोबत पासपोर्टही पाठवून द्यावा लागे. तीन आठवड्यांनी पुण्याहून भावाचा फोन आला, लगेच नीघ. पासपोर्ट परत मागता आला असता, पण मग अर्ज मागे घेतला असं धरलं असतं. मी मागितला नाही. भावाला सांगितलं की मागितलाय, देत नाहीत. अंत्यविधी मी फोनवर ऐकला, आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, आणि मग कामाला गेले, कारण रजा घेतली तर काय सांगायचं हे कळेना. सात आठवड्यांनी पाकीट आलं. आत परवाना होता. स्लाऊमध्ये मी सगळ्यांना, नंतर या मुलीलाही, सांगितलं की मी वेळेवर पोचले होते. मी पोचलेच नव्हते हे इथे नवऱ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

ती तीनदा गेली. वडिलांच्या तोंडात शेवटचं पाणी तिने घातलं. हे तिने मला किती वेळा सांगितलं असेल! त्यांनी डोळे उघडून कसं पाहिलं, काय म्हणाले, हात किती हलका झाला होता. मी प्रत्येक वेळी हातातलं लाटणं तसंच ठेवून ऐकलं. मला तिची दया यायला हवी होती. मला तिचा हेवा वाटायचा, इतका की कधी कधी मी उठून उगाच नळ सोडून भांडी घासायला लागायचे.

सेनोटेवर जायच्या आधी सगळ्यांना शॉवर घ्यायला लावतात. क्रीम, अत्तर, तेल काही पाण्यात जायला नको. तिने सकाळी डोक्याला चपचपीत खोबरेल लावलं होतं. दारावरच्या बाईने तिच्या केसांना हात लावून पाहिला आणि परत पाठवलं, दोनदा. बसमधली माणसं पाहत होती. ‘इंग्लंडला राहून पाच वर्षं झाली,’ मी म्हणाले, ‘अजून तेल थापायचं सुटत नाही तुझं.’ ती ओली होऊन, हसत परत आली.

खाली उतरायला लाकडी जिना होता. वर गोल आभाळ, काठावरून लोंबणाऱ्या लांबच लांब मुळ्या, खाली निळंकाळं पाणी आणि त्यात काळे मासे. नारिंगी लाइफ जॅकेट घालून आम्ही लाकडी फळीवर पाय सोडून बसलो. ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

‘ताई, एक सांगू? तिसऱ्यांदा जायच्या वेळी मॅनेजर मले म्हणाला, तुझे डेज जातील, विचार कर. मी म्हटलं, गेला तो कागद उडत. कागदासाठी कोणी बापाला सोडतं का गं?’

मी लाइफ जॅकेटचा पट्टा उगाच घट्ट केला.

‘असतील म्हणा सोडणारे,’ ती म्हणाली. ‘कसे जगतात काय माहीत.’

तिला काही ठाऊक नव्हतं, हे मी तेव्हाही जाणत होते. ती मला टोमणा मारत नव्हती. तिला टोमणा मारताच येत नाही. पण मला त्या मुलीचा मनापासून, स्वच्छ राग आला.

मग तिने बोटं मोजायला सुरुवात केली. ‘त्या गाइडने दिवस दिवस केलं आणि माझ्या डोक्यात किडा घुसला बघ. एकशे एकाहत्तर माझे झालेच होते ना? आणि हे चौदा. एकशे पंच्याऐंशी होऊन राहिले, ताई. पाच जास्ती!’ ती माझ्याकडे वळली. चेहरा उतरला होता. ‘काहून असं येतंय? उद्या निघू का मी? उद्या निघाली तर बसते मी, बरोबर ना?’

बेरीज अचूक होती. मला फक्त हो म्हणायचं होतं.

‘जायचे-यायचे दिवस वजा केलेस का?’ मी विचारलं.

‘ते तं तू शीटमध्ये केले असशील ना?’

‘मी फक्त तारखा भरते. वजाबाकी शेवटी करायची असते. तीन फेऱ्या, सहा दिवस. कर वजा.’

तिने पुन्हा बोटं मोजली. एकशे पंच्याऐंशीतून सहा. ‘एकशे एकोणऐंशी!’ ती ओरडली, आणि तिचा आवाज वर गोल फिरून परत आला. तिने माझ्या गळ्यात हात टाकले. तिचे ओले केस माझ्या तोंडावर आले. त्यांना अजून खोबरेलाचा वास होता. ‘देव पावला. नाहीतर मी उद्याच पळणार होती.’

मग ती फळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली, नाक दाबलं, मागे वळून ‘येते गं ताई’ म्हणाली आणि उडी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतरही वेळ होता. परतीच्या बसमध्ये अडीच तास होते, रात्र होती, दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, विमानाच्या वेळेला, आम्ही हॉटेलच्या बुफेच्या रांगेत उभ्या होतो. मी घड्याळ पाहिलं. तिने माझ्यासाठी पपईच्या फोडी आणल्या, लिंबू पिळून, कारण मला तशी आवडते. मी खाल्ल्या. पुढचे पाच दिवस मी उत्तम झोपले. हेही सांगायला हवं.

सप्टेंबरमध्ये तिने अर्ज भरायला घेतला आणि तो तपासायला वकिलाकडे गेली. वकिलाने सगळ्या तारखा पुन्हा मांडल्या. पाच दिवस जास्त. वडिलांचं आजारपण हे कारण देता येतं, तो म्हणाला, कधी कधी ऐकतातही. पण मर्यादा तुम्ही आजारपणात ओलांडलेली नाही. समुद्रावर ओलांडलीत. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, वकील म्हणाला. तिने व्हिसा देणारी दुसरी नोकरी शोधली, मिळाली नाही. कंपनीने निरोपाचा केक कापला.

निघायच्या आदल्या रविवारी ती आली. पोळ्या तिनेच लाटल्या. जेवताना भाऊजींशी नेहमीसारखी बोलली. त्यांच्या आईवडिलांची चौकशी केली, मग माझ्या वडिलांचा विषय काढला. नवरा भोळा आहे. तो म्हणाला, ‘हिचं नशीबच तसं बघ. वडील गेले तेव्हा पासपोर्ट क्रॉयडनला अडकलेला. जाताच आलं नाही बिचारीला.’ तिने हातातला घास खाली ठेवला नाही. नीट चावून खाल्ला.

तो चहा ठेवायला आत गेला तेव्हा तिने फोन काढून मी भरलेली तिची शीट उघडली आणि माझ्यासमोर धरली. शेवटचा रकाना. वजा सहा, असं मीच लिहिलेलं होतं, पिवळ्या रंगात.

‘ताई, तू विसरली असशील ना गं?’ तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. ती मला वाट करून देत होती, आणि मला ते कळत होतं.

‘हो,’ मी म्हणाले. ‘विसरले.’

ती माझ्याकडे पाहत राहिली, मी अजून काही बोलेन म्हणून. मी ताटं उचलली. मग ती उठली, चहा न घेताच दारापाशी गेली आणि बूट घातले.

‘जाते, ताई,’ ती म्हणाली.

मी तिला टोकलं नाही.