शेवटची वडी कोणी खाल्ली?

आमच्याकडे ताटातली शेवटची वडी कोणी उचलत नाही. माणूस उपाशी झोपेल, पण उचलणार नाही. बुधवारची प्रार्थना संपली की चॅपलच्या तळघरात कॉफी होते, लिंबाच्या वड्यांचं ताट येतं आणि बघता बघता एकच वडी उरते. मग कोणीतरी सुरीनं तिचे दोन करतो नि अर्धी घेतो. दुसरा त्या अर्धीचंही अर्धं करतो. शेवटी नखाएवढा तुकडा उरतो आणि त्याच्याभोवती निम्मं विद्यापीठ "तुम्ही घ्या", "छे छे, तुम्हीच घ्या" करत उभं असतं. अमेरिकेतल्या आमच्या मिनेसोटात लुथरन पंथाच्या ख्रिस्ती माणसाला नरकाची भीती नाही एवढी हावरट म्हणवून घ्यायची वाटते.

आणि आर्डिस क्वामेनं आपली पदवी नेमकी याच तुकड्यावर टांगून ठेवली होती.

आर्डिसबाई सत्तरी ओलांडलेली. तरुणपणी ती इथंच शिकत होती. शेवटचं वर्ष तेवढं उरलं होतं आणि सासऱ्यांनी अंथरूण धरलं. नवऱ्याला, ऑर्व्हिलला, शेतावर माणूस हवं होतं. "पुढच्या वर्षी येऊन पुरं करीन," असं सांगून ती गेली ती गायींच्या धारा काढतच राहिली. मग पोरं, मग पोरांची लग्नं, मग ऑर्व्हिलचं दुखणं. ऑर्व्हिल गेला, शेत थोरल्यानं घेतलं, आणि बाई पुन्हा वर्गात येऊन बसली.

"या वयात हे काय गं खूळ?" जाऊबाईंनी विचारलं.

"या वयात गुडघे गेलेत जाऊबाई, डोकं नाही गेलं," ही म्हणाली.

वर्गातली पोरं तिला आजी म्हणत. आजी त्यांना पत्त्यांत हरवायची आणि हरलेल्याकडून आपल्या गाडीवरचा बर्फ काढून घ्यायची. सगळा हिवाळा तिनं खराट्याला हात लावला नाही.

पदवीसाठी शेवटी एक संशोधन करून सगळ्यांसमोर मांडावं लागतं. आर्डिसबाईनं विषय घेतला: बघणारं कोणी नसेल तर माणूस शेवटची वडी खातो का? तिचे मार्गदर्शक डॉ. हाल्वोर स्टेनरुड. हे गृहस्थ लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत तिच्याच हाताखाली शिकले होते आणि नाताळच्या नाटकात मेंढरू झाले असताना त्यांनी बाळ येशूच्या गव्हाणीतला चारा चघळला होता. ही गोष्ट बाई विसरली नव्हती. साहेबही नव्हते.

तिनं सुनसान जागी एकेक वडी ठेवून पाहिली. ताटं चाटूनपुसून लख्ख, शेजारचे कागदी रुमाल चिकट. विचारलं तर मात्र एकानंही खाल्ली नव्हती.

"ताटं रिकामी झाली, मान्य," स्टेनरुड म्हणाले. "पण माणसानं खाल्ली कशावरून? खार शिरली असेल."

"हाल्वोर, खारीनं रुमालाला हात पुसले होय रे?"

"इथं सर म्हणा, आर्डिसबाई."

"बरं. खारीनं रुमालाला हात पुसले होय, सर?"

स्टेनरुडांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "पुरावा आणा. नाहीतर मी पास करणार नाही. तुम्ही ओळखीच्या, म्हणून तर मुळीच नाही."

चेष्टा करत बाई बाहेर पडली खरी, पण घरी आल्यावर तिचा चेहरा उतरला. पदवीदानाचा काळा झगा तिनं आधीच आणून दारामागं टांगला होता. पोरं, नातवंडं, सगळी येणार होती. पुन्हा एकदा शेवटचं वर्ष हातातून निसटणार, आणि आता पुढचं वर्ष म्हणायलाही तोंड राहिलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात बसून चांगली हमसून रडली. रडून झाल्यावर भूक लागली. काही आहे का म्हणून तिनं फ्रीज उघडला, तर समोर ब्लूबेरीचा डबा.

"अगं बाई!" आर्डिस स्वतःशीच म्हणाली.

मांडणीच्या दिवशी सकाळी तिनं वड्या केल्या. वरून साध्या, पिठूळ साखर भुरभुरलेल्या. पोटात ब्लूबेरी, आणि तिच्या जोडीला केकवर घालायचा निळा रंग, सढळ हातानं. मग ग्रंथालय, संगीताची खोली, प्रत्येक ऑफिसाबाहेरचं टेबल, जिथं जिथं माणूस एकटा सापडतो तिथं एकेक ताट ठेवलं. ताटात भरपूर चुरा आणि एकच वडी; ती गेली की बाई गुपचूप दुसरी ठेवून जायची. बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच दहाजण खाऊन गेलेत.

दुपारी सभागृह भरलं. आमच्या रिवाजाप्रमाणं मागच्या रांगा गच्च आणि पुढच्या मोकळ्या. पुढं एकटे स्टेनरुड, परीक्षक म्हणून नाइलाजानं. एरवी तिथं कसला कलकलाट असतो! त्या दिवशी सगळे ओठ मिटून बसलेले. पास्टर इंगा म्हणजे बोलायला लागली की आमेनलासुद्धा न थांबणारी बाई, पण ती नुसती मान हलवत होती. विद्यापीठाच्या अध्यक्षबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता. ज्याला त्याला वाटत होतं, चोर आपण एकटेच.

आर्डिसबाईनं सगळं मांडलं आणि म्हणाली, "आज ज्यांनी शेवटची वडी खाल्ली, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"खार," स्टेनरुड तोंडावर मूठ धरून पुटपुटले. "सांगितलं होतं ना, पुरावा लागतो."

बाईनं कागद खाली ठेवले. दोन्ही हात जोडले आणि एक जुनं उपासनागीत सुरू केलं. एकटीनंच, थरथरत्या आवाजात आणि मुद्दाम जरा बेसूर.

आता आमचा माणूस काय वाटेल ते सहन करील, पण एकटी म्हातारी गाते आहे आणि आपण गप्प, हे त्याच्या हाडात नाही. आधी मागून बायकांचे खालचे सूर लागले. मग पुरुष उठले. इंगानं डोळे मिटून आ वासला. अध्यक्षबाईंचा रुमाल खाली आला. स्टेनरुड पहिलं कडवं दात आवळून बसले. पण पंचवीस वर्षं चर्चच्या गायनवृंदात खर्ज लावलेला माणूस, दुसऱ्या कडव्याला खर्जाची जागा आली आणि ती रिकामी गेलेली त्याला बघवेना. ते उभे राहिले, मान मागं टाकली आणि तोंड उघडलं.

जांभळं खाऊन आलेल्या पोरांसारख्या सगळ्या सभागृहाच्या जिभा निळ्याजांभळ्या! एकानं शेजाऱ्याकडं पाहिलं, शेजाऱ्यानं पलीकडं पाहिलं. हसू फुटून डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण गाणं कोणी थांबवलं नाही. गीत अर्ध्यावर सोडणं म्हणजे आमच्यात वडी चोरण्याहून वाईट. सगळी कडवी पुरी झाली, चारही सुरांत, वरच्यापासून खर्जापर्यंत.

"सर," शांत झाल्यावर आर्डिसबाईनं विचारलं, "खारी खर्जात गातात वाटतं?"

स्टेनरुड खुर्चीत बसले. कानाच्या पाळ्या लाल, जीभ निळी. "आर्डिसबाई," ते म्हणाले, "मी मेंढरू होतो तेव्हाच तुम्ही मला ओळखलं असणार." आणि उठून त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "पास. अगदी मनापासून पास."

बाईनं मान डोलावली आणि चष्मा पुसला.

मग कॉफी झाली. लिंबाच्या वड्यांचं ताट आलं, फिरलं, आणि रीतीप्रमाणं एक वडी उरली. सगळे भोवती जमले. "तुम्ही घ्या", "छे छे" सुरू झालं. इंगा सुरी घेऊन पुढं सरसावली.

आर्डिसबाईनं तिच्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली, वडी उचलली आणि सगळ्यांच्या देखत अख्खी तोंडात टाकली.

"जन्मभर ठेवत आले होते," ती म्हणाली, आणि बोटं चाटली.