जारचं झाकण

"रिपोर्ट कुठाय? पोराचा पाय सडायला लागलाय आन् तुमी च्या पिताय व्हय!"

मिरजेतल्या आमच्या लॅबच्या दारात कडेगावचे एक निवृत्त सुभेदार असे गरजत होते, की शेजारच्या गल्लीतल्या सतारी आपोआप वाजल्या असतील. त्यांच्या पुतण्याचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली चेंगरला होता. जखमेला असा वास, की वॉर्डातल्या माशाही रजेवर गेलेल्या. सर्जनने अंदाजाने दिलेलं औषध लागू पडत नव्हतं. जंतू कोणता आणि कशाने मरतो, हे मी सांगायचं. नाहीतर पाय कापायचा.

असे जखम सडवणारे जंतू मोठे नखरेल. ज्या हवेवर आपण जगतो, तिनेच ते मरतात. म्हणून जखमेतला पू लावलेल्या, जंतू उगवायच्या बशा हवाबंद जारमध्ये ठेवायच्या, प्राणवायू खाऊन टाकणारी पुडी आत सोडायची, झाकण चापाने आवळायचं आणि दोन दिवस हातसुद्धा लावायचा नाही. आत एक कागदी पट्टी असते. प्राणवायू नसला की पांढरी, शिरला की निळी. बाळंतिणीलासुद्धा कुणी इतकं जपत नाही.

आणि त्या सकाळी पट्टी निळीशार! बशा कोऱ्या! माझं डोकं असं तापलं होतं, की वर तवा ठेवला असता तर भाकरी टम्म फुगली असती. आणि वर हे सुभेदार मलाच धारेवर धरणार?

"काका, जार उघडलाय कुणीतरी! कोण तो दीडशहाणा, सापडू दे, त्यालाच आत कोंडून चाप लावते!"

सुभेदारांच्या मिशा जरा खाली आल्या. "म्या उघडला. काल तुमी जेवायला गेलता. म्हटलं, उगवलंय का बघावं."

"उगवलंय का? मटकी आहे का ती, मोड बघायला?"

नशीब, थोडा पू मी मांसाच्या रश्श्याच्या बंद नळीत राखून ठेवला होता. पण आता पुन्हा बशा, पुन्हा पुडी, पुन्हा दोन दिवस. तेवढा दम त्या पोराचा पाय धरणार होता का? अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, "अहो, वारं लागता कामा नये म्हणून परवा तुम्हाला बजावलं नव्हतं का मी?"

"वारं कुठं लागलं? पंखा बंद केलता की म्या."